निबंध एक, वाचक त्रेपन्न

न्यू जर्सी राज्यात प्रिन्स्टनला ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ ही परीक्षा घेणारी संस्था आहे. टोफेल किंवा जीआरई देऊन अमेरिकेला गेलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना ती ‘ईटीएस’ या नावाने चांगली परिचयाची असते. या संस्थेतल्या पॉल डिडरिच यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९६१ मध्ये एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध त्यांनी ५३ वाचकांना वाचायला दिले होते. वाचक सगळे जाणते होते. त्यांत इंग्रजीचे प्राध्यापक होते, समाजशास्त्रांचे आणि विज्ञानाचे प्राध्यापक होते, लेखक-संपादक, वकील, कंपन्यांमधले वरिष्ठ अधिकारीही होते. कशाला किती गुण द्यायचे हे कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्या मनाला पटेल तसे निबंधांचे नऊ गठ्ठे करा, एवढंच सांगणं होतं.

गठ्ठे परत आले. ३०० पैकी १०१ निबंध असे निघाले, की त्यांना पहिल्यापासून नवव्यापर्यंत प्रत्येक श्रेणी कुणी ना कुणी दिलेली होती. ९४ टक्के निबंधांना नऊपैकी निदान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या होत्या. पाचापेक्षा कमी श्रेणींवर निभावलेला एकही निबंध नव्हता.

हे आकडे पाहून कुणी म्हणेल, लेखनाला गुण देणं म्हणजे मटक्याचा आकडा लावणं. डिडरिच यांनी तसं म्हटलं नाही. वाचकांचे गुण आणि शेरे त्यांनी पडताळून पाहिले, तेव्हा त्या गोंधळात पाच गट स्पष्ट दिसू लागले. सर्वांत मोठा गट विचारांकडे पाहणारा होता : मुद्दा काय आहे, तो नीट उलगडलाय का, विषयाला धरून आहे का. दुसऱ्या गटाचं लक्ष चुकांवर होतं, म्हणजे वाक्यरचना, विरामचिन्हं, स्पेलिंग यांवर. तिसरा गट मांडणी बघत होता. चौथा शब्दांची निवड बघत होता. पाचव्याला लिहिणाऱ्याचा स्वतःचा सूर ऐकू यायला हवा होता. प्रत्येक वाचक आपल्या जागी प्रामाणिक होता. फक्त ‘चांगलं लेखन’ या दोन शब्दांचा अर्थ प्रत्येकाने वेगळा धरला होता.

या अहवालाला साठ वर्षं उलटून गेली आहेत. तरी अमेरिकेतल्या विद्यापीठात लेखन-कार्यक्रम चालवणाऱ्या माणसाची रोजची अडचण इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी मांडलेली माझ्या वाचनात नाही. त्या माणसाच्या विद्यापीठात हे त्रेपन्न वाचक वेगवेगळ्या इमारतींमध्ये बसतात आणि त्यांच्या हातून एकच विद्यार्थी चार वर्षं जातो.

या पदाचं नाव लांबलचक आहे : रायटिंग प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. त्या जगात सगळे नुसतं ‘डब्ल्यूपीए’ म्हणतात. हार्वर्डने १८८५ मध्ये ‘इंग्लिश ए’ हा पहिल्या वर्षाचा लेखनवर्ग सुरू केला, तेव्हापासून अमेरिकन कॉलेजांमध्ये अशा वर्गाची प्रथा पडली. पुढे डॉक्टर होणारा, पूल बांधणारा, शेअर बाजारात जाणारा असा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षी या वर्गात बसतो. मोठ्या सरकारी विद्यापीठात अशा वर्गाच्या शंभराहून जास्त तुकड्या असू शकतात. शिकवणारे बहुतेक एमए-पीएचडी करणारे विद्यार्थी किंवा तासांवर नेमलेले अ‍ॅडजंक्ट शिक्षक असतात. त्यांना तयार करायचं, अभ्यासक्रम आखायचा, तक्रारी ऐकायच्या आणि वर पुन्हा ‘मुलांना लिहिता का येत नाही?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं, हे डब्ल्यूपीएचं काम. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात या मंडळींनी आपली राष्ट्रीय परिषदही स्थापन केली.

पदाची गंमत अशी, की जबाबदारी सगळ्या विद्यापीठाची आणि अधिकार फार तर आपल्या वर्गांपुरता. इतिहासाच्या प्राध्यापकाने सत्राला एक निबंध द्यावा की पाच, रसायनशास्त्राच्या विभागाने प्रयोगवहीत काय मागावं, हे डब्ल्यूपीए सांगू शकत नाही. सांगितलं तरी ऐकायचं बंधन कुणावर नाही. म्हणून या क्षेत्रात जे टिकाऊ काम झालं, ते बहुतेक सगळं एकाच साध्या कृतीतून झालं आहे : विद्यार्थ्यांनी लिहिलेली खरीखुरी पानं टेबलावर ठेवायची, भोवती वेगवेगळे शिक्षक बसवायचे आणि ती मोठ्याने वाचायची.

मुंबई-पुण्याच्या प्राध्यापकांना ‘कॅप’ ठाऊक आहे. उत्तरपत्रिका तपासायला एका केंद्रावर बसायचं, नमुना उत्तरं समोर ठेवायची आणि नियामकाने मधूनमधून गठ्ठा उघडून पाहायचा. अमेरिकेतल्या लेखन-कार्यक्रमांत ‘नॉर्मिंग’ नावाची जी बैठक होते ती दिसायला काहीशी तशीच. वर्ग सुरू होण्याआधी किंवा सत्राच्या मध्यावर सगळे शिक्षक जमतात. जुने चार-पाच निबंध नावं झाकून वाटले जातात. प्रत्येक जण एकट्याने श्रेणी देतो, मग हात वर करून मोजणी होते. ‘बी’ किती, ‘सी’ किती? जिथे फाटाफूट जास्त, तिथे थांबायचं. ‘सी’ देणाऱ्याने कारण सांगायचं, ‘ए’ देणाऱ्यानेही सांगायचं. पहिल्यांदा शिकवायला उभ्या राहिलेल्या तरुण शिक्षकाला या दोन तासांत जे मिळतं ते पुस्तकातून मिळणं अवघड. आपण स्पेलिंगवर इतके का चिडतो, हे त्याला स्वतःलाच प्रथम कळतं.

पण नॉर्मिंगला एक खोट आहे. सगळ्यांचे गुण जुळले पाहिजेत अशी घाई असली, की वेगळं वाचणारा माणूस गप्प बसायला शिकतो. बॉब ब्रॉड यांनी २००३ मध्ये आपल्या पुस्तकात यावर नेमकं बोट ठेवलं. छापील निकषांच्या तक्त्यात चार-पाच रकाने असतात, प्रत्यक्ष बोलताना मात्र शिक्षक डझनावारी गोष्टींना महत्त्व देतात. तेव्हा तक्ता आधी लादण्याऐवजी त्यांचं बोलणं टिपा, त्यातून नकाशा काढा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. डिडरिचच्या पाच गटांपैकी चार दाबून एक जिंकवला तर गुण जुळतील, पण विद्यार्थ्याला वाचणारे डोळे पाचाचे एक होतील.

न्यूयॉर्क राज्याच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात १९८० च्या दशकात पीटर एल्बो आणि पॅट बेलानॉफ यांनी वेगळी वाट काढली. तिथे पहिल्या वर्षाच्या शेवटी लेखनाची एक परीक्षा होती. ठरावीक वेळ, अनोळखी विषय, पास किंवा नापास. दोघांनी ती काढून टाकली आणि तिच्या जागी पोर्टफोलिओ आणला. विद्यार्थ्याने सत्रभरातले आपले पुन्हापुन्हा सुधारलेले तीन लेख आणि वर्गात बसून लिहिलेला एक न सुधारलेला लेख एकत्र बांधून द्यायचे. खरी मख्खी पुढे आहे. तो पोर्टफोलिओ त्या विद्यार्थ्याचा शिक्षक तपासत नसे. शिक्षकांचे छोटे गट एकमेकांच्या विद्यार्थ्यांचं काम वाचत. याचा परिणाम वर्गावर झाला. निकाल दुसऱ्याच्या हाती गेल्यामुळे वर्गशिक्षक विद्यार्थ्याच्या बाजूला आला. ‘हे मला आवडलंय, पण बाहेरच्या वाचकाला इथे अडखळायला होईल,’ असं तो म्हणू शकला. आणि शिक्षकांच्या गटालाही आपल्या शेजारच्या वर्गात नेमकं काय चालतं हे कळू लागलं. शिक्षकी पेशात माणसं वीस-वीस वर्षं एका कॉरिडॉरमध्ये काढतात आणि शेजारच्या दाराआड काय शिकवलं जातं ते त्यांना माहीत नसतं. ते दार इथे आपोआप उघडलं.

मिना शॉनेसी यांच्याविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९७० मध्ये न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने शहरातल्या हायस्कूलमधून बाहेर पडलेल्या सर्वांना प्रवेश खुला केला. कृष्णवर्णीय, पोर्तो रिकन, स्थलांतरित, गोऱ्या कामगारांच्या घरातली, कधी दोन पानं सलग लिहायला न मिळालेली मुलं त्या विद्यापीठाच्या सिटी कॉलेजच्या वर्गात आली. प्राध्यापकांतल्या अनेकांना वाटलं, ही मुलं शिकण्यापलीकडची आहेत. शॉनेसी तिथे लेखनाचा कार्यक्रम सांभाळत होत्या. त्यांनी प्रवेशाच्या वेळी लिहिलेले सुमारे ४,००० निबंध घेऊन चुकांचा अभ्यास केला. १९७७ मध्ये त्यांचं ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ आलं. चूक निष्काळजीपणाने होते हा समज त्यांनी मोडून काढला. विद्यार्थ्याच्या मनात एक नियम असतो, तो त्याने कुठून तरी स्वतः बांधलेला असतो, आणि तो सापडला की दुरुस्तीची दिशाही सापडते. घरी अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाच्या वहीवर लाल शाई ओतणाऱ्या आपल्या शिक्षकांपर्यंत हे पुस्तक पोचायला हवं होतं, असं मला नेहमी वाटतं.

सहकाऱ्यांच्या दृष्टीने मात्र शॉनेसींचा एक छोटा लेख जास्त मोलाचा आहे. तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याच्या प्रगतीचे टप्पे सगळेच मोजतात; शॉनेसींनी त्यात शिक्षकाच्या प्रगतीचे टप्पे मोजले. आधी तो विद्येचा गड राखायला उभा राहतो. मग दया येऊन या मुलांना आपल्यासारखं करायला निघतो. त्यानंतर थांबून, त्यांच्या लिहिण्याला मुळात काय तर्क आहे ते तपासू लागतो. शेवटी स्वतः पाण्यात उतरतो, म्हणजे स्वतः पुन्हा विद्यार्थी होतो. शॉनेसी १९७८ मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी गेल्या. त्यांच्या कामाने पुढच्या पिढीतल्या डब्ल्यूपीएंना एक गोष्ट दिली : सहकाऱ्याला पटवायचं असेल तर वादाच्या आधी त्याच्यापुढे विद्यार्थ्याचं पान ठेवा.

इंग्रजी विभागाबाहेर हे टेबल पहिल्यांदा मांडलं गेलं ते आयोवा राज्यातल्या पेला नावाच्या लहान गावी. सेंट्रल कॉलेजात १९६९-७० मध्ये बार्बरा वॉलवुर्ड यांनी निरनिराळ्या विषयांच्या प्राध्यापकांचा चर्चावर्ग घेतला. सर्व विषयांतून लेखन शिकवण्याच्या चळवळीतला तो पहिला मानतात. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात हॅरिएट शेरिडन यांनी १९७४ मध्ये असंच काम सुरू केलं. इंग्लंडमध्ये जेम्स ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शाळकरी मुलांच्या लेखनाचा मोठा अभ्यास १९७५ मध्ये आला. मुलं शाळेत जे लिहितात त्यातलं बहुतेक तपासनीसासाठी माहिती परत ओतणं असतं, विचार करण्यासाठी लिहिणं फार थोडं, हे त्यातून दिसलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘न्यूजवीक’ने जॉनीला लिहिता का येत नाही, अशी मुखपृष्ठकथा छापली आणि अमेरिकाभरच्या डीनमंडळींची झोप उडाली.

पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर कॉलेजात (आज त्याचं नाव आर्केडिया युनिव्हर्सिटी) एलेन मेमन या लेखन-कार्यक्रम पाहत होत्या. त्यांनी शेरिडन यांच्याकडून धडे घेतले, सरकारच्या मानव्यविद्या निधीतून १९७७ मध्ये अनुदान मिळवलं आणि प्राध्यापकांच्या कार्यशाळा सुरू केल्या. त्या कामाचा पुरावा म्हणजे १९८१ मध्ये आलेलं ‘रायटिंग इन द आर्ट्स अँड सायन्सेस’ हे पाठ्यपुस्तक. त्याच्या मुखपृष्ठावर पाच नावं आहेत : लेखन शिकवणाऱ्या मेमन, शिवाय इतिहास, जीवशास्त्र, मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचे एकेक प्राध्यापक. पाच विषयांच्या माणसांनी एक पुस्तक लिहायचं म्हणजे प्रत्येक प्रकरणावर भांडावं लागलं असणार. ते भांडण फुकट गेलं नाही हे पुस्तकाच्या रचनेतच दिसतं : निरनिराळ्या ज्ञानशाखांतलं लेखन त्यात शेजारीशेजारी, आपापल्या कायद्यांसह मांडलेलं आहे.

हे कायदे किती खोल असतात ते प्रयोगाच्या अहवालात दिसतं. इंग्रजीची शिक्षिका लिहून देते, कर्ता कुठे आहे? ‘द्रावण तापवण्यात आलं’ असं का, ‘मी द्रावण तापवलं’ असं का नाही? जीवशास्त्राच्या प्राध्यापकाला तो कर्ता नकोच असतो. द्रावण कुणी तापवलं याने फरक पडू नये, दुसऱ्या प्रयोगशाळेत दुसऱ्या हातांनीही तेच घडावं, हा त्या विद्येचा पाया आहे, आणि कर्मणी प्रयोग तो पाया वाक्यात घेऊन येतो. उलट, निष्कर्षाच्या भागात तोच विद्यार्थी ‘यावरून सिद्ध होतं’ असं लिहितो तेव्हा इंग्रजीच्या शिक्षिकेला वाक्य ठसठशीत वाटतं आणि जीवशास्त्रज्ञाच्या कपाळावर आठी पडते. एका प्रयोगाने काही सिद्ध होत नसतं, फार तर सूचित होतं. इतिहासकाराला तिसरंच काही सलतं : ही माहिती कोणत्या कागदावरून घेतली? तिघंही विद्यार्थ्याच्या पानावर एकच शेरा मारतात : ‘अस्पष्ट’. विद्यार्थ्याला वाटतं, या तिघांपैकी एकालाही नक्की माहीत नाही आपल्याला काय हवंय ते. तिघं एका टेबलाशी बसले की त्या एका शब्दाचे तीन अर्थ बाहेर येतात, आणि ते अर्थ विद्यार्थ्याला आधीच सांगता येतात. पुणे-नागपूरहून एमएस करायला गेलेल्या मुलांना तर या सांगण्याची दुप्पट गरज असते. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत त्यांना जर्नल आणि सबमिशन यापलीकडे लिहायला कुणी फारसं लावलेलं नसतं.

मिनेसोटा विद्यापीठात पामेला फ्लॅश यांनी २००७ पासून हाच विचार टोकाला नेला. लेखन-कार्यक्रमाने विभागात जाऊन काही शिकवायचंच नाही. विभागातल्या प्राध्यापकांना एकत्र बसवून प्रश्न विचारायचे : तुमच्या विषयात चांगलं लेखन कशाला म्हणतात? पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला काय काय लिहिता आलं पाहिजे? ते कोणत्या वर्षी, कोणत्या वर्गात शिकवलं जातं? आलेली उत्तरं लिहून काढायची आणि त्यावरून विभागाने स्वतःची लेखन-योजना आखायची. तिसऱ्या प्रश्नापाशी बहुधा शांतता पसरत असावी, कारण जे सगळ्यांना हवं असतं ते कुणीच शिकवत नसतं, हे तिथे उघड होतं. योजना विभागाची असल्यामुळे ती गुंडाळून ठेवायला सोपी नसते. मग विभागाने ठरवलेल्या निकषांवर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं लेखन ठरावीक काळाने वाचलं जातं. म्हणजे पुन्हा तेच टेबल, तीच पानं.

टेबल मोडतं तेव्हा काय होतं त्याचं उदाहरण टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन आवारात १९९० मध्ये घडलं. पहिल्या वर्षाच्या ‘इंग्लिश ३०६’ या सक्तीच्या वर्गाची सूत्रं लिंडा ब्रॉडकी यांच्याकडे होती. त्यांच्या समितीने नवा अभ्यासक्रम केला, ‘रायटिंग अबाउट डिफरन्स’. भेदभावाच्या खटल्यांतले न्यायालयीन निकाल विद्यार्थ्यांनी वाचायचे, त्यातले दावे, आधार आणि गृहीतकं वेगळी काढायची आणि स्वतःचा युक्तिवाद लिहायचा. लेखनाचा वर्ग म्हणून ही कल्पना मला उत्तम वाटते; न्यायाधीशाच्या निकालाइतका बांधीव युक्तिवाद विद्यार्थ्याला दुसरीकडे क्वचित मिळतो. पण वाद पेटला तो वाचनाच्या विषयावर. शिकवण्याच्या नावाखाली राजकारण घुसवताय, असा आरोप विभागातूनच झाला, वृत्तपत्रांतून पत्रं आली, इतर विभागांच्या प्राध्यापकांनी विद्यार्थी वृत्तपत्रात जाहीर निवेदन दिलं. जुलैमध्ये डीननी अभ्यासक्रम एक वर्ष पुढे ढकलला. फेब्रुवारी १९९१ मध्ये समितीच्या सदस्यांनी राजीनामे दिले आणि तो वर्ग त्या रूपात कधीच शिकवला गेला नाही. १९९३ मध्ये तिथे लेखनाचा विभाग इंग्रजीपासून वेगळा करण्यात आला.

त्या वादाविषयी वाचताना एक गोष्ट मला बोचत राहते. इतक्या पत्रांत आणि निवेदनांत पुस्तकांची नावं येतात, तत्त्वं येतात, माणसांचे हेतू येतात. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिलेला एखादा परिच्छेद कुठे येत नाही. तो यायला अवधीच मिळाला नाही. शिवाय ज्यांनी विरोधाच्या निवेदनावर सही केली त्यांतले बरेच जण तो वर्ग शिकवत नव्हते, आणि जे शिकवणार होते ते प्रामुख्याने पीएचडीचे विद्यार्थी होते, ज्यांचा विभागाच्या निर्णयात आवाज लहान होता. जीन गनर यांनी १९९४ मध्ये, सगळी सत्ता एका डब्ल्यूपीएच्या खुर्चीत साठवू नका, शिकवणाऱ्यांमध्ये वाटा, असं लिहिलं. टेक्सासनंतर तो मुद्दा आणखी खरा वाटतो.

टेबलाशी कोण बसतं याचा हिशेब शेवटी तासांत आणि पैशांत करावा लागतो. लेखनाच्या वर्गात २० पेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत, शक्यतो १५ असावेत, ही कॉलेजमधल्या लेखनशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. प्रत्यक्षात २५ च्या चार तुकड्या एका शिक्षकाला मिळाल्या, तर एका निबंधाला २० मिनिटं धरली तरी १०० निबंधांना तेहतीस तास लागतात. ते वर्गाबाहेरचे तास असतात. त्यामुळे डब्ल्यूपीएचा सर्वांत गरजेचा सहकारी पुष्कळदा रजिस्ट्रारच्या कार्यालयात बसलेला असतो. तुकडीत एकविसावं नाव घ्यायचं की नाही हे त्याच्या संगणकावर ठरतं. ग्रंथपालांशीही आता जवळचं नातं झालं आहे, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर प्रत्येक विभागाशी नव्याने बोलणं भाग पडलं आहे, कारण यंत्राची मदत संगणकशास्त्राच्या वर्गात चालेल आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात चालणार नाही, असं दोन्हीकडचे शिक्षक सकारण सांगू शकतात.

सर्वांत अवघड जागा अ‍ॅडजंक्ट शिक्षकाची. पहिल्या वर्षाची पानं सर्वांत जास्त त्याने वाचलेली असतात. सोमवारी एका कॉलेजात, मंगळवारी तीस मैलांवरच्या दुसऱ्या, असं त्याचं आठवड्याचं वेळापत्रक असतं, आणि पगार शिकवलेल्या वर्गापुरता. नॉर्मिंगची बैठक त्याच्या करारात बसत नाही. अनुभवी डब्ल्यूपीए म्हणूनच सत्राच्या सुरुवातीला डीनकडे जाते ती आधी एका छोट्या रकमेसाठी : वाचनाच्या दिवसाचं मानधन, गाडीचं पार्किंग आणि दुपारचं जेवण. रक्कम मंजूर झाली, की मग ती बैठकीची तारीख कळवते.